‘नवतारुण्य’ शिबिराचे परीक्षण: रक्त स्वतःचे, चित्र उंदरांचे आणि अर्ज नातवाच्या नावाचा

पूर्व विदर्भातील धानपट्ट्यात, चंद्रपूर जिल्ह्याच्या एका तालुक्याच्या गावी, एका खासगी आरोग्यसेवा संस्थेचे ‘गुडघेदुखी व नवतारुण्य शिबिर’ अधूनमधून भरते. त्यासाठी मंगल कार्यालय भाड्याने घेतले जाते, आदल्या आठवड्यात ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव दवंडी फिरते, आणि वेळ बहुधा अशी साधलेली असते की मळणी आटोपून धानाचे चुकारे लोकांच्या खात्यात नुकतेच जमा झालेले असतात. माझ्या मोठ्या आईला, म्हणजे थोरल्या काकूला, मी या शिबिरात घेऊन गेलो होतो. तिचे उभे आयुष्य बांधीतल्या चिखलात कंबरेत वाकून रोवणी करण्यात गेले असून तिच्या दोन्ही गुडघ्यांची झीज आता चालण्यातूनच दिसते. संस्थेचे नाव येथे मुद्दाम देत नाही. तिथे काय विकले जाते आणि ते कोणत्या आधारावर विकले जाते, एवढेच या परीक्षणात मांडायचे आहे.

आधी जे चांगले आढळले ते सांगतो. गुडघेदुखीच्या रुग्णांना खाली सतरंजीवर बसवण्याची चूक इथे कोणी केली नव्हती; सर्वांना पाठीच्या खुर्च्या होत्या, पायऱ्यांच्या बाजूला फळ्यांचा उतार केला होता आणि कार्यालयातील शौचालय उकिडवे बसून वापरण्याचे असल्यामुळे दोन कमोड खुर्च्याही ठेवलेल्या होत्या. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण सरकारी असो वा खासगी, आमच्या भागातल्या फार थोड्या शिबिरांना ती सुचते. सुई आणि सिरिंज रुग्णासमोर फोडली जात होती आणि रक्त भरलेल्या प्रत्येक नळीवर नाव लगेच लिहिले जात होते. या प्रकारच्या उपचारात ती काळजी निर्णायक असते. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्क येथील एका सौंदर्य केंद्रात रक्तातील घटक चेहऱ्यावर टोचून घेणाऱ्या काही स्त्रियांना एचआयव्हीचा संसर्ग झाल्याचे २०१८ साली उघडकीस आले, आणि तो त्या केंद्रातील सेवेतूनच झाल्याचा निष्कर्ष तेथील रोगनियंत्रण यंत्रणेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केला.

प्रत्यक्ष उपचार ‘पीआरपी’चा आहे. दंडातून सिरिंजभर रक्त काढायचे, ते सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून लाल पेशी खाली बसवायच्या, वरचा प्लेटलेट्सने (रक्त गोठवणाऱ्या बारीक कणांनी) दाट झालेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर द्रव, वेगळा करायचा आणि तो त्याच रुग्णाच्या गुडघ्यात टोचायचा. एका गुडघ्याचे नऊ हजार रुपये घेतात. डॉक्टर सौम्य बोलणारे होते, परंतु दिलेला वेळ अपुरा होता. सोबत नेलेला एक्स-रे त्यांनी पाहिला खरा, मात्र तो उभ्याने काढलेला आहे की झोपवून, हे विचारले नाही. गुडघ्यातील फट किती उरली आहे हे वजन पेलत उभे असतानाच नीट कळते, आणि पुढचा सगळा सल्ला त्यावर अवलंबून असतो. टोचल्यानंतर मोठ्या आईला काही आठवडे बरे वाटले, पुढे दुखणे पूर्वपदावर आले. एका रुग्णावरून उपचाराला नापास करणे योग्य नाही, म्हणून मोठ्या अभ्यासाकडे पाहिले पाहिजे. २०२१ साली ऑस्ट्रेलियातील २८८ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. तीत निम्म्यांना पीआरपी आणि निम्म्यांना साधे सलाइन टोचले होते, आणि कोणाला काय टोचले हे रुग्णांपासून लपवले होते. वर्षअखेरीस दोन्ही गटांच्या वेदना कमी झालेल्या होत्या; दोहोंत दखल घेण्याजोगा फरक मात्र वेदनेतही आढळला नाही आणि कूर्चेच्या झिजेतही नाही. त्या चाचणीतील रुग्ण सौम्य व मध्यम झिजेचे होते, आमच्याकडील बायांचे गुडघे त्यापुढे गेलेले असतात. तेव्हा नऊ हजार रुपयांच्या मोबदल्यात सेवेला मी ‘निरुपद्रवी, पण महाग’ एवढाच शेरा देईन.

हे परीक्षण इथेच संपले असते. परंतु प्रतीक्षागृहाच्या भिंतीवर एक मोठा फलक होता. त्यावर एकमेकांना जोडलेले दोन उंदीर, एक पिकलेल्या केसांचा व एक तुकतुकीत, आणि खाली ‘तरुण रक्ताची किमया विज्ञानाने सिद्ध’ असे वाक्य. ज्यांच्या गुडघ्यात त्यांचेच, साठी-सत्तरीचे रक्त परत टोचले जाणार होते, ती माणसे तासभर या फलकासमोर बसून होती. पीआरपीचा आणि त्या उंदरांचा काहीही संबंध नाही. फलक दुसऱ्या एका योजनेसाठी होता. तिच्याकडे वळण्यापूर्वी त्या उंदरांची हकिकत नीट सांगणे भाग आहे, कारण ती खोटी नाही, अर्धी आहे.

दोन प्राण्यांची कातडी शिवून त्यांचे रक्ताभिसरण एक करण्याची पद्धत फ्रान्समध्ये पॉल बेर यांनी १८६० च्या दशकात वापरली होती. १९५० च्या दशकात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी म्हातारे व तरुण उंदीर अशा रीतीने जोडून पाहिले. अलीकडची लाट उठली ती २००५ पासून. स्टॅनफर्ड येथे इरिना कॉनबॉय, मायकेल कॉनबॉय आणि थॉमस रँडो यांच्या गटाला असे आढळले की तरुण उंदराशी जोडलेल्या म्हाताऱ्या उंदराचे स्नायू आणि यकृत स्वतःची दुरुस्ती पुन्हा बऱ्यापैकी करू लागतात. पुढे २०१४ मध्ये स्टॅनफर्डमधीलच टोनी विस-कोरे यांच्या गटाने शिवण्याचा खटाटोप टाळून तरुण उंदरांचा केवळ प्लाझ्मा म्हाताऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा ते स्मरणशक्तीच्या चाचण्यांत अधिक चांगले उतरले. फलकावर येथवरचे आहे.

फलकावर जे नाही ते असे. जोडलेल्या जोडीत म्हाताऱ्या उंदराला केवळ तरुण रक्त मिळत नाही. तरुण उंदराची मूत्रपिंडे, यकृत, फुप्फुसे हे सगळे त्याच्यासाठी राबत असते. म्हणून सुधारणेचे श्रेय एकट्या रक्ताला देता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या जोडीतील तरुण उंदराचे काय झाले हे फलक सांगत नाही. कॉनबॉय यांनी २०१६ मध्ये न शिवता, यंत्राच्या साहाय्याने दोन उंदरांतील रक्ताची अदलाबदल केली, तेव्हा म्हाताऱ्याला झालेल्या लाभापेक्षा तरुणाला झालेला अपाय अधिक ठळक होता. आणि २०२० मध्ये त्याच गटाने म्हाताऱ्या उंदरांचा सुमारे अर्धा प्लाझ्मा काढून त्याजागी सलाइन व अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन भरले. त्यात तरुण रक्ताचा अंशही नसताना बरेचसे तसेच चांगले परिणाम दिसले. म्हणजे तरुण रक्तात अमृत असते यापेक्षा म्हाताऱ्या रक्तात काही अडथळे साचतात हा तर्क अधिक संभवनीय ठरतो. तसे असेल तर कोणत्याही तरुणाच्या दंडात सुई खुपसण्याचे कारणच उरत नाही. ज्या संशोधकांच्या कामावर हा सगळा बाजार उभा आहे, त्यांच्याच पुढच्या कामाने बाजाराच्या पायाखालची माती काढून घेतली आहे.

माणसांपुरते पाहिले तर चित्र आणखी विरळ आहे. कॅलिफोर्नियातील ‘अँब्रोसिया’ या कंपनीने २०१६ पासून १६ ते २५ वयाच्या दात्यांचा प्लाझ्मा पस्तिशीपुढच्या ग्राहकांना देण्यास प्रारंभ केला. एका लिटरला ८,००० डॉलर असा दर होता, आणि ज्याला तिने चाचणी म्हटले तीत तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला की वार्धक्य किंवा स्मृतिभ्रंश यांवर तरुण प्लाझ्माचा लाभ सिद्ध झालेला नाही, उलट ॲलर्जी, फुप्फुसांना इजा, हृदयावर द्रवाचा भार व संसर्ग हे धोके मात्र खरे आहेत. अल्झायमरच्या १८ रुग्णांवर स्टॅनफर्डमध्ये झालेल्या छोट्या चाचणीतून उपचार सुसह्य असल्याचे दिसले, बुद्धीच्या चाचण्यांत सुधारणा दिसली नाही. २०२३ मध्ये ब्रायन जॉन्सन या अमेरिकी धनिकाने आपल्या सतरा वर्षांच्या मुलाचा प्लाझ्मा स्वतःला टोचून घेतला आणि नंतर काही लाभ आढळला नाही असे स्वतःच जाहीर करून तो प्रयोग थांबवला. त्याही आधी, १९२० च्या दशकात, मॉस्कोत रक्तसंक्रमणाची संस्था चालवणारे अलेक्सांद्र बोगदानोव्ह नव्या जोमाच्या आशेने तरुणांशी रक्ताची अदलाबदल करत असत. १९२८ साली क्षय व मलेरिया झालेल्या एका विद्यार्थ्याशी अशी अदलाबदल केल्यानंतर ते मरण पावले. विद्यार्थी वाचला.

आता त्या योजनेविषयी. इंजेक्शननंतर चहा देताना संस्थेच्या समन्वयकाने आमच्यापुढे एक छापील अर्ज ठेवला. शीर्षक होते ‘कुटुंब प्लाझ्मा नोंदणी’, शुल्क २,१०० रुपये. घरातील १८ ते २५ वयाच्या निरोगी मुलामुलींची नावे, रक्तगट आणि वजन भरायचे, म्हणजे पुढे ‘परवानगी येताच’ त्यांचा प्लाझ्मा घरातील ज्येष्ठांना प्राधान्याने देता येईल, असा मजकूर होता. समन्वयक मुलगा स्वतःच विशीचा होता आणि अत्यंत आर्जवाने बोलत होता. आमच्यासोबत आलेला मोठ्या आईचा नातू एकोणीस वर्षांचा असून आयटीआयमध्ये शिकतो. त्याने ‘लिहा माझं नाव, त्यात काय’ असे म्हणून खिशातून पेनही काढला. मोठी आई म्हणाली, “माह्या टोंगऱ्यापायी लेकराचं रगत काढता का जी?” आणि अर्ज उलटा करून ठेवला. शेजारच्या दोन खुर्च्यांवर मात्र तो भरला जात होता.

त्या मुलाच्या तत्परतेत खोट नव्हती, आणि निरोगी तरुणाने एकदा प्लाझ्मा दिला म्हणून त्याचे काही बिघडत नाही, हेही मान्य केले पाहिजे. प्लाझ्माचे पाणी दिवस-दोन दिवसांत भरून निघते. माझा आक्षेप संमतीच्या प्रकाराला आहे. ययातीच्या कथेत आपण पुरूचे कौतुक करतो, पण तिच्यात नकार देणारी चार मुलेही आहेत: यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू. चौघांनाही बापाने शाप दिला आणि तारुण्य देणाऱ्या धाकट्याला राज्य मिळाले. ज्या होकाराच्या एका बाजूला राज्य आणि दुसऱ्या बाजूला शाप आहे, त्याला स्वखुशी म्हणणे कठीण आहे. आमच्याकडे राज्य नाही, सातबारा आहे. ज्या घरात पाच एकर धानाची बांधी आजोबांच्या नावावर आहे आणि दोन नातवांपैकी एकाने अर्जावर सही केली आहे, तिथे दुसऱ्याने ‘नाही’ कसे म्हणायचे? आणि नात असेल तर तिला विचारण्याची तरी पद्धत आहे का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत. रक्तदानासाठी हिमोग्लोबिन किमान १२.५ लागते. अर्जात वजनाचा रकाना होता, हिमोग्लोबिनचा नव्हता.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी या आक्षेपाशी सहमत झाले नाहीत. मुलगा बापाला मूत्रपिंड देतो तेव्हा आपण त्याचा सत्कार करतो, मग प्लाझ्मालाच नाके का मुरडायची, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो टाळण्यासारखा नाही. परंतु मूत्रपिंडाच्या मागे मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा उभा आहे. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे यांनाही त्यात निकटचे नातेवाईक मानले. त्या कायद्याप्रमाणे दाता सज्ञान असावा लागतो आणि तो दबावाखाली नाही ना, याची खातरजमा सक्षम अधिकारी करतात. शिवाय तिथे रुग्ण मरणाच्या दारी असतो आणि उपचाराचा गुण सिद्ध झालेला असतो. इथे रुग्ण केवळ म्हातारा आहे, गुण सिद्ध नाही आणि खातरजमा करणारा समन्वयक त्याच अर्जाचे शुल्क गोळा करतो.

समजा, उद्या गुण सिद्ध झाला. तरीही या योजनेला माझा विरोध राहील, आणि त्याचे कारण आमच्या भागातील रक्ताच्या स्थितीत आहे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलसेल हा घराघरांत ओळखीचा आजार आहे. त्यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर फुटतात. अशा मुलांपैकी अनेकांना वारंवार रक्त चढवावे लागते. २०४७ पर्यंत हा आजार हटवण्याचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले, परंतु आज जन्मलेल्या मुलाला पिशवी आजच हवी असते. बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या बाईची गोष्टही तीच. उन्हाळ्यात महाविद्यालये बंद झाली की रक्तदान शिबिरे आटतात, आणि तालुक्याच्या रुग्णालयातून नातेवाईक जिल्ह्याच्या रक्तपेढीकडे मोटारसायकलवर धाव घेतात. लाल पेशी सुमारे दीड महिनाच टिकतात, त्यामुळे साठवूनही फार काही साधत नाही.

ही सगळी व्यवस्था एका अलिखित समजुतीवर चालते: देणाऱ्याने विचारायचे नाही की माझे रक्त कोणाला जाणार, आणि घेणाऱ्याने विचारायचे नाही की ते कोणाचे. पिशवी देताना रक्तपेढी रक्तगट आणि जुळणी पाहते. दात्याच्या वयाची चौकशी कोणी करत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ‘कॉमन कॉज’ खटल्यात पैसे घेऊन रक्त देणाऱ्या व्यावसायिक दात्यांची पद्धत बंद करण्याचा आदेश दिला, आणि १ जानेवारी १९९८ पासून ती बंद झाली. रक्तपेढीला केवळ प्रक्रिया शुल्क घेता येते. वयाला भाव आला की ही समजूत मोडेल. एकोणीस वर्षांच्या मुलाला एकदा कळले की त्याची पिशवी इतरांपेक्षा मोलाची आहे, तर तो ती महाविद्यालयाच्या शिबिरात अनोळखी मुलासाठी का देईल? आणि त्याने द्यायची ठरवली तरी घरचे देऊ देतील का? अमेरिकेत प्लाझ्मा देणाऱ्यांना मोबदला मिळतो, आठवड्यातून दोनदा देण्याची मुभा आहे, आणि तिथे या रांगांत मोठ्या संख्येने उभी असतात ती गरजू माणसे. त्या प्लाझ्मापासून निदान हिमोफिलियाची औषधे, अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन बनतात. आमच्या भागात, हंगाम संपल्यावर कामासाठी तेलंगणात मिरची तोडायला जाणाऱ्या तरुणांच्या गावांत, वयाच्या भावाने प्लाझ्मा घेण्याची वाट एकदा मोकळी झाली, तर तिच्यावरून कोण चालेल हे सांगायला ज्योतिषी नको.

कायद्याच्या बाजूनेही ही नोंदणी टिकणारी नाही. परवाना असलेल्या रक्तकेंद्राखेरीज कोणालाही दुसऱ्याला चढवण्यासाठी रक्त वा प्लाझ्मा गोळा करता येत नाही. औषध नियमावलीच्या ‘जे’ अनुसूचीत, जे बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही अशा गोष्टींची यादी आहे, आणि तीत ‘अकाली वार्धक्य’ आणि तारुण्य परत आणण्याची शक्ती या दोन्हींचा समावेश आहे. अर्जावरील ‘परवानगी येताच’ या शब्दांमागे कोणती परवानगी, कोणाकडून आणि कशासाठी, असे मी समन्वयकाला विचारले तेव्हा त्याने वरिष्ठांचा मोबाइल क्रमांक दिला. तो उचलला गेला नाही.

ज्यांना गुडघ्यासाठी पीआरपी करूनच पाहायचे आहे, त्यांनी अस्थिरोगतज्ज्ञाकडे उभ्याने काढलेला एक्स-रे दाखवावा, झीज कोणत्या टप्प्यात आहे ते विचारावे आणि सुई व नळी आपल्यासमोर उघडली जाते ना, एवढे पाहावे. त्याआधी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट गाठणे अधिक शहाणपणाचे आहे. त्याचा पुरावा पीआरपीपेक्षा भक्कम आहे आणि खर्च अगदी कमी. मोठी आई सध्या तेच करते, कुरकुरत का होईना. शिबिराला पाचपैकी दोन गुण: एक खुर्च्यांना व कमोडला, दुसरा स्वच्छतेला. ज्यांनी प्लाझ्मा नोंदणीचे २,१०० रुपये भरले आहेत, त्यांनी पावती घेऊन पुढच्या शिबिरात ते परत मागावेत आणि अर्जाची मूळ प्रतही ताब्यात घ्यावी, कारण तिच्यावर घरातल्या मुलांची नावे, वजने आणि रक्तगट आहेत. आमच्या शेजाऱ्यांना पैसे थोड्या वादावादीनंतर परत मिळाले. अर्ज मात्र ‘मुख्य कार्यालयात पाठवला आहे’ असे सांगण्यात आले.